तिसऱ्या ओळीवर कस लागतो: हेक्सच्या एका लाकडी संचाचे परीक्षण

हेक्स हा खेळ नव्याने शिकणाऱ्याला विकतचा संच लागत नाही. कागदावर छापलेला पट आणि स्वयंपाकघरातले मूठभर राजमे व तितकेच वाल एवढ्यावर त्याचे पहिले पन्नास डाव सुखाने होतात; मी स्वतः दोन वर्षे तसाच खेळलो. अडचण त्यानंतर सुरू होते. नियम कळलेले असतात, दोन सोंगट्यांमधला पूल, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला तोडता न येणारी जोडणी, ओळखता येतो, तरीही समोरचा मुरलेला खेळाडू दर वेळी पटाच्या कडेजवळ आपल्याला गाठतो आणि आपण नेमके कुठे चुकलो हे डाव संपल्यावरही उमगत नाही. या मधल्या टप्प्यावरच्या माणसाला पट असा लागतो की ज्यावर ओळी मोजता येतील, घरांना नाव देता येईल आणि डाव मागे नेऊन पुन्हा मांडता येईल. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी 11×11 घरांचा एक लाकडी संच घरपोच मागवला, तो याच अपेक्षेने. एका छोट्या कारखान्यात तो हाताने तयार होतो. कारखान्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही येणार आहेत आणि अशाच बनावटीचे संच इतरही ठिकाणी मिळतात.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पट समभुज चौकोनी असतो आणि त्यावर 121 षटकोनी घरे असतात. लाल खेळाडूला वरची कड खालच्या कडेशी जोडायची असते, निळ्याला डावी कड उजवीशी. दोघे आळीपाळीने कोणत्याही रिकाम्या घरात एकेक सोंगटी ठेवतात. ठेवलेली सोंगटी हलत नाही आणि मारलीही जात नाही. डाव बरोबरीत सुटूच शकत नाही, कारण एकाची वाट पूर्णपणे अडवायची तर दुसऱ्याची वाट जोडूनच ती अडवता येते. हे विधान दिसायला साधे असले तरी 1979 साली गणितज्ञ डेव्हिड गेल यांनी दाखवून दिले की ते ब्राउअरच्या प्रसिद्ध स्थिरबिंदू प्रमेयाशी समतुल्य आहे. खेळाच्या अंगाने त्याचा अर्थ एवढाच, की येथे चढाई आणि बचाव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हे वाक्य नवशिक्या पाठ करतो. त्याचा प्रत्यय मात्र त्याला बराच उशिरा येतो.

हा खेळ डेन्मार्कच्या पीट हाइन यांनी 1942 मध्ये शोधला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ‘पोलिटिकेन’ या दैनिकातून ‘पॉलिगॉन’ या नावाने लोकांपुढे ठेवला. पुढे 1948 च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये गणितज्ञ जॉन नॅश यांना तो स्वतंत्रपणे सुचला, आणि 1952 मध्ये पार्कर ब्रदर्स या अमेरिकी कंपनीने ‘हेक्स’ हे आजचे नाव देऊन तो बाजारात आणला. डेन्मार्कमध्ये सुरुवातीला घरे छापलेल्या कागदांचे पॅड विकले जात आणि लोक पेन्सिलीने खुणा करून डाव खेळत. म्हणजे राजमा-वालाची आमची पद्धत मूळ परंपरेला धरूनच होती, असे मी घरी सांगत असतो. प्रिन्स्टनमध्ये तर न्हाणीघराच्या षटकोनी फरशांवरही तो खेळला जाई, असे सांगतात.

आता संचाकडे वळतो. पट सागवानी नसून साध्या लाकडाच्या थरांचा आहे, पण तो जड आहे आणि टेबलाला धक्का लागला तरी जागचा हलत नाही. प्रत्येक घर वाटीसारखे किंचित खोलगट कोरलेले आहे. ही खोली फार महत्त्वाची, कारण सोबत दिलेल्या सोंगट्या म्हणजे मत्स्यपेटीत तळाशी घालतात तशा काचेच्या चपट्या गोट्या आहेत आणि सपाट पटावर त्या घरंगळल्याच असत्या. घरे जवळजवळ तीन सेंटिमीटर रुंद असल्यामुळे बोटांची गर्दी होत नाही. प्रत्येक रंगाच्या 50 सोंगट्या मिळतात. पट पूर्ण भरला तर 61 आणि 60 लागतील, म्हणून हिशेबी माणूस येथे नाक मुरडेल; प्रत्यक्षात आमचा एकही डाव त्या संख्येजवळ गेला नाही, कारण निकाल स्पष्ट झाल्यावर जाणता खेळाडू हात आखडता घेतो आणि हार मान्य करतो.

रंगांविषयी मात्र तक्रार आहे. लाल काच दिवसा सुरेख दिसते, पण निळी इतकी गडद आहे की संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली गडद लाकडावर ती काळसर दिसते आणि दूरच्या कोपऱ्यातली एखादी निळी सोंगटी नजरेतून सुटते. हेक्समध्ये अशी एक सोंगटी सुटणे म्हणजे डाव सुटणे. मी शेवटी निळ्यांच्या जागी घरातल्याच पांढऱ्या गोट्या वापरू लागलो. कडांचे रंगही अर्धवट रंगवले आहेत: चार कोपऱ्यांतली घरे दोन्ही खेळाडूंच्या कडांची असतात, पण या पटावर कोपऱ्यापाशी लाल पट्टी थांबते, निळी पट्टी घराच्या मध्यापासूनच सुरू होते, आणि नव्या माणसाला ते घर कोणाचे हा प्रश्न दर वेळी पडतो.

पटाची सर्वांत चांगली गोष्ट कोणती, तर ती कडेवर कोरलेली अक्षरे आणि आकडे. आडव्या ओळींना 1 ते 11 आणि स्तंभांना ए ते के अशी नावे आहेत. मधले घर एफ6. मी खाली जी उदाहरणे देणार आहे ती या नावांशिवाय सांगताच आली नसती. डाव वहीत उतरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडणे ही मधल्या टप्प्यावरच्या खेळाडूची खरी शाळा असते, आणि स्वस्त संचांत नेमकी हीच अक्षरे गाळलेली असतात.

सोबतच्या माहितीपत्रकाविषयी मात्र मला बरेच बोलायचे आहे. ते चार पानी, इंग्रजी आणि सुबक आहे. पण ते पुलापाशी सुरू होते आणि पुलापाशीच संपते. एफ6 आणि ई8 या दोन घरांतल्या लाल सोंगट्यांमध्ये ई7 आणि एफ7 ही दोन घरे रिकामी असली की निळ्याने एक घेतल्यावर लाल दुसरे घेतो, म्हणून त्या जोडलेल्याच समजायच्या. एवढे त्यात चित्रासह आहे. एच2, जी4, एफ6, ई8, डी10 अशा अवघ्या पाच सोंगट्यांनी वरची कड खालच्या कडेशी पक्की जोडली जाते, हे दाखवणारे चित्रही आहे आणि ते पाहून पोरे हरखून जातात. पण समोरचा खेळाडू झोपलेला असेल तरच अशा पाच सोंगट्या मिळतात. खऱ्या डावात तो मध्ये येतो, आणि तो मध्ये आल्यावर काय करायचे याबद्दल पत्रक मौन पाळते.

तो मध्ये येतो म्हणजे कसा येतो, हे प्रथम पाहू. माझी भाची अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत आमच्याकडे राहायला आली की रोज रात्री दोन डाव होतात. सुरुवातीच्या दिवसांत ती मला म्हणाली, “मामा, तू प्रत्येक वेळी मला चिकटूनच का अडवतोस? मी बाजूने निघूनच जाते ना.” तिचे म्हणणे रास्त होते. एफ6 वरच्या लाल सोंगटीला खाली उतरायला ई7 आणि एफ7 अशी दोन लगतची घरे आहेत. निळ्याने एफ7 वर सोंगटी ठेवली की लाल ई7 वर उतरतो, एक ओळ पुढे सरकतो आणि पुन्हा तीच परिस्थिती उभी राहते. अडवायचे तर दोन-तीन ओळी खाली, किंचित बाजूला उभे राहावे लागते, म्हणजे लाल कोणत्याही अंगाने आला तरी आपली सोंगटी त्याच्या वाटेत येते आणि दरम्यान आपल्या इतर सोंगट्यांशी तिचा सांधा जुळतो. धरणाची भिंत नदीच्या मुखाशी बांधत नाहीत, तिला वळायला जागा उरणार नाही अशा खिंडीत बांधतात, तसेच काहीसे. मोठ्या, हाताळता येणाऱ्या पटावर हे अंतर डोळ्यांना लवकर सवयीचे होते; फोनच्या पडद्यावर खेळताना मला ते कधीच नीट जाणवले नव्हते.

दुसरी गोष्ट पुलात घुसण्याची. निळा ई7 वर बसला की लालाला एफ7 घ्यावेच लागते, म्हणजे निळ्याला एक सोंगटी फुकट मिळाली असे वाटते. नवखा खेळाडू म्हणून मिळेल त्या पुलात घुसत सुटतो आणि त्या प्रत्येक घुसखोरीबरोबर लालाचा धागा अधिक घट्ट करून देतो. शहाला काटशह देण्याची ही शस्त्रे आहेत, ती म्यानात ठेवून योग्य वेळी उपसायची असतात. घुसखोरी सार्थ केव्हा ठरते, तर ती सोंगटी दुसऱ्याही कामाची असते तेव्हा, किंवा एकच घर लालाच्या दोन जोडण्यांत सामाईक असते तेव्हा. या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण देण्याआधी कडेचा साचा, म्हणजे सोंगटीला कडेशी पक्के जोडणारा रिकाम्या घरांचा आकार, समजून घ्यावा लागेल, आणि या परीक्षणाचा गाभा मी तोच मानतो.

लालाची सोंगटी एफ9 वर, म्हणजे खालच्या कडेपासून तिसऱ्या ओळीवर आहे असे समजा. ती कडेशी जोडलेली आहे की नाही? पुलाची भाषा शिकलेला माणूस म्हणेल की अजून दोन चाली लागतील, काही सांगता येत नाही. वस्तुतः ती आत्ताच जोडलेली आहे, मात्र एका अटीवर: तिच्या ओळीतील एफ9 व जी9, त्याखालची ई10, एफ10, जी10, आणि कडेवरची डी11, ई11, एफ11, जी11 अशी दोन, तीन आणि चार घरांची पायऱ्यांसारखी उतरती जागा, एफ9 सोडून, संपूर्ण रिकामी हवी. कारण लालापुढे दोन स्वतंत्र मार्ग आहेत. एक म्हणजे लगतच्या ई10 वर उतरायचे, तेथून डी11 आणि ई11 यांपैकी एक घर मिळणारच. दुसरा म्हणजे जी10 वर पूल टाकायचा. तो जी9 किंवा एफ10 ने जुळतो आणि पुढे एफ11 किंवा जी11 ने कडेला लागतो. या दोन मार्गांत एकही घर सामाईक नाही. निळा कोठेही बसला तरी तो एकच मार्ग बिघडवतो आणि लाल दुसरा घेतो. हाच आकार आरशातल्याप्रमाणे डाव्या बाजूलाही मांडता येतो.

हे एकदा कळले की हेक्सकडे पाहण्याची दृष्टीच बदलते, आणि येथेच मधला टप्पा सुरू होतो असे माझे मत आहे. त्यातून एक व्यापक सूत्र हाती येते. प्रतिस्पर्धी कोणकोणत्या मार्गांनी जिंकू शकतो ते मनात मांडायचे, प्रत्येक मार्गाला लागणारी घरे बोटाने दाखवायची, आणि त्या सर्व मार्गांत सामाईक असलेली घरे तेवढी निवडायची. आपली पुढची सोंगटी त्याच घरांपैकी एकावर पडली पाहिजे, बाकी सारा पट त्या क्षणी आपल्याला बंद आहे. सामाईक घर एकही नसेल, तर जोडणी झालेली आहे हे मान्य करून दुसरीकडे पाहायचे. पन्नास घरांतून चाल शोधणारा माणूस या युक्तीने तीन-चार घरांवर येतो. कोरीव घरांवर बोट ठेवत हे मोजणे किती सोपे जाते ते स्वतः करून पाहिल्याशिवाय पटणार नाही. कारखानदाराने कडेपासूनच्या तिसऱ्या ओळीवर एक बारीक खूण कोरली असती, तर मी या संचाला पैकीच्या पैकी गुण दिले असते. ती नाही, म्हणून मी स्वतः पेन्सिलीने ठिपके काढले आहेत.

आता सामाईक घराचे उदाहरण. लाल सोंगट्या एच8 आणि एफ9 वर आहेत. एच8 ही सोंगटी पटाच्या वरच्या कडेशी आधीच जोडलेली आहे. एच8 आणि एफ9 यांच्यामध्ये पूल आहे, त्याची घरे जी8 आणि जी9. एफ9 ही सोंगटी आधी सांगितलेल्या साच्याने खालच्या कडेला लागलेली आहे, आणि त्या साच्यातही जी9 हे घर आहे. निळ्याच्या सोंगट्या डी10 आणि एच9 वर आहेत. दोन्ही जोडण्या स्वतंत्रपणे पक्क्या आहेत, म्हणून लाल निर्धास्त असतो. तेव्हा निळा जी9 वर बसतो. लालाला पूल वाचवण्यासाठी जी8 घेणे भाग पडते, आणि मग निळा ई11 वर दुसरा घाव घालतो. आता ई10 वर उतरावे तर कडेवर डी11 एवढे एकच घर उरते आणि ते निळा घेतो; जी10 वर जावे तर जी9 हातचे गेल्यामुळे मधले एफ10 एकाकी पडते; डावीकडचा आरशातला साचा डी10 ने आधीच मोडला आहे. पक्की वाटलेली वाट दोन चालींत निसटते आणि लालाच्या हाती केवळ कडेपासूनच्या दुसऱ्या ओळीवरून उजवीकडे धावणे उरते. मात्र एच9 रिकामे असते तर हाच हल्ला फसला असता, कारण लालाने जी10 वर सोंगटी ठेवून एच9 मार्गे एच8 शी, किंवा एफ10 मार्गे एफ9 शी, असा दुहेरी सांधा साधला असता. एका निळ्या सोंगटीच्या असण्या-नसण्याने एवढा फरक पडतो. हा पेच मी भाचीपुढे मांडला तेव्हा तिने तो पंधरा मिनिटांत सोडवला. मला तो पहिल्यांदा कळायला एक आख्खा रविवार लागला होता.

दुसऱ्या ओळीवरचे ते धावणे म्हणजे हेक्समधली शिडी, आणि पत्रकात तिचा उल्लेखही नसणे ही त्याची सर्वांत मोठी उणीव आहे. लाल एफ10 वर येतो, एफ11 ची धमकी देतो. निळा एफ11 घेतो. लाल जी10, निळा जी11. लाल एच10, निळा एच11. असे दोघे हातात हात घालून कडेकडेने उजवीकडे सरकत जातात. पुढे काहीच नसेल तर या शिडीचा शेवट लालाला फार महागात पडतो, कारण उजवी कड निळ्याचीच आहे आणि कडेलगतच्या ओळीवरची निळ्याची सलग रांग तेथे जाऊन मिळते. पण पुढे, समजा जे10 वर, लालाची एक सोंगटी आधीपासून असली, तर आय10 वर आल्याक्षणी लाल तिला मिळतो आणि आय11 व जे11 या दोन घरांपैकी एक त्याचेच असते. म्हणजे शिडी चढायच्या आधी वरच्या टोकाला कोणीतरी उभे हवे. ती सोंगटी आधी कशी ठेवायची, हा खरा कसबाचा भाग. नुसती ठेवली तर प्रतिस्पर्धी ती चाल वापरून शिडीचा पायाच उखडतो. म्हणून ती अशा जागी ठेवायची की तिने त्याच वेळी दुसरीही एक धमकी निर्माण व्हावी, आणि त्या धमकीला उत्तर देण्यात त्याची चाल खर्च व्हावी. शिडीचा आधार आणि दुसऱ्या वाटेचा आरंभ अशी दोन कामे करणारी एक सोंगटी सापडली की बहुतेक डाव तेथेच संपतो.

शिडी केव्हा सुरू करायची, याविषयी मी एक वैयक्तिक मत नोंदवून ठेवतो. बरेच खेळाडू शिडी मिळाली की लगेच चढू लागतात, कारण प्रत्येक चालीला समोरच्याला उत्तर द्यावे लागते आणि त्यात सत्तेचा आनंद असतो. माझ्या अनुभवात शिडी जितकी उशिरा चढावी तितकी चांगली. ती तशीच टांगून ठेवली की पटाच्या त्या बाजूला पडणारी आपली प्रत्येक सोंगटी दुधारी होते.

पत्रकातली दुसरी उणीव अदलाबदलीच्या नियमाची. नॅश यांनी दाखवून दिले की हेक्समध्ये पहिल्याने खेळणाऱ्याकडे जिंकण्याची वाट नेहमीच असते, कारण पटावरची आपली जादा सोंगटी कधीच नुकसान करत नाही. ती वाट नेमकी कोणती, हे मात्र ही सिद्धता सांगत नाही. लहान पटांवर संगणकाने ती शोधून काढली आहे, आणि 9×9 पर्यंत प्रत्येक पहिल्या चालीचा निकाल आज ठाऊक आहे. व्यवहारात याचा उपाय सोपा: पहिल्याने एक सोंगटी ठेवायची आणि दुसऱ्याने ती बाजू स्वतः घ्यायची की नाही ते ठरवायचे. एका भावाने वडीचे दोन तुकडे करायचे आणि दुसऱ्याने निवडायचे, हा आजीचा न्याय. या नियमाशिवाय पहिला खेळाडू एफ6 वर बसतो आणि मधल्या टप्प्यावरच्या दोन समान खेळाडूंमध्ये डाव तेथेच एकतर्फी होतो. नियम लावला की पहिली चाल मधोमध न पडता लघुकोनी कोपऱ्याच्या आसपासच्या कडेवर पडू लागते, आणि ती किती कमजोर असावी याचा अंदाज हेही एक स्वतंत्र कौशल्य बनते. विकत घेतलेल्या संचात हा नियम छापलेला नसणे म्हणजे बुद्धिबळाच्या संचाबरोबर किल्लेकोटाचा नियम न देणे.

इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. हेक्स चांगला अंगवळणी पडलेल्या खेळाडूंना 11×11 काही काळाने अपुरा वाटतो. नॅश यांना 14×14 पट अधिक पसंत होता असे म्हणतात, आणि आज गंभीर खेळाडू 13×13 किंवा त्याहून मोठा पट घेतात. मोठ्या पटावर मधला टप्पा खुलतो हे खरे, पण तसा लाकडी पट जेवणाच्या टेबलावर मावायचा नाही. याच कुळातला ट्विक्स्ट हा ॲलेक्स रँडॉल्फ यांचा खेळही मी खेळलो आहे. त्यात खुंट्या आणि त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या असतात, बुद्धिबळातल्या घोड्याच्या चालीने सांधे पडतात, आणि 24×24 भोकांचा पट डोळ्यांना थकवतो. हेक्समध्ये आकार सोपा आणि विचार खोल आहे; माझी पसंती तिकडेच. संगणकावर खेळायचे तर वेगवान आणि निर्दय प्रतिस्पर्धी फुकट मिळतात, पण ते चाल सांगतात, कारण सांगत नाहीत.

संच कोणाला घ्यावा? ज्याचे पन्नासेक डाव झाले आहेत आणि ज्याला आपण कडेजवळ का हरतो हे शोधायचे आहे, त्याने जरूर घ्यावा. पैशाची चिंता असेल तर पुलाची चित्रे असलेले पत्रक बाजूला ठेवून अक्षरे कोरलेला पट तेवढा घ्यावा आणि गोट्या स्वतःच्या निवडाव्यात. अगदी नवशिक्याने थांबावे. शाळेत किंवा ग्रंथालयात ठेवायचा असेल तर रंगांची अडचण प्रथम सोडवावी, कारण तेथे ट्यूबलाइटखाली खेळणारी पोरे निळ्या सोंगट्यांना काळ्या समजून पहिल्याच दिवशी भांडतील.

कारखानदाराला मी तिसऱ्या ओळीच्या खुणेविषयी आणि अदलाबदलीच्या नियमाविषयी लिहून कळवले होते. उत्तर आले, की पुढच्या खेपेत पत्रक बदलू. खुणेविषयी मात्र त्यांनी काही म्हटले नाही. माझे पेन्सिलीचे ठिपके आता पुसट झाले आहेत, आणि भाची पुढच्या सुट्टीत येण्यापूर्वी ते पुन्हा काढायचे आहेत.